ताई कागदावर खाली आली, त्याची हकीगत

अन्नपूर्णा, इंदूर
गुरुवार, दुपारचा चहा झाल्यावर

चि. यतीन यास तुकोजीमामाचे मनापासून आशीर्वाद. घरात ज्याचं जसं वय असेल तसे नमस्कार-आशीर्वाद माझ्या वतीनं वाटून दे.

आधी तुझी तब्येत कशी आहे ते लिही, ऑफिसचं मागून लिही. छातीत जळजळतं म्हणाला होतास, ते थांबलं का? सौ. स्वानंदीची मान कशी आहे? कॉम्प्युटर डोळ्यांच्या उंचीला ठेव म्हणावं. माझ्याकडे दोन जाड टेलिफोन डिरेक्टऱ्या आहेत, हव्या तर पाठवतो (त्यांतले नंबर आता लागत नाहीत, पण जाडी तीच आहे). शमिकाच्या दातांची तार निघाली का? तार आहे तोवर तिनं शेव खाऊ नये, आणि निघाली की मला कळवावं, म्हणजे किलोभर लौंगवाली शेव धाडतो. तुझ्या सासऱ्यांच्या दुसऱ्या डोळ्याचं काय ठरलं? त्यांना सांग, पहिल्या डोळ्यानं नीट दिसायला लागलं म्हणून दुसऱ्याला वाऱ्यावर सोडू नये. इकडे तुझी सुनीतामामी गुडघे सोडून ठीक आहे. मी ठणठणीत आहे. (हे मामी म्हणत नाही, मीच म्हणतो.)

राहिली तुझी आई. तू रोज आठाच्या ठोक्याला फोन करतोस, त्याचं वॉर्डात सगळ्यांना कौतुक आहे. पण तो फोन ताईच्या उशाशी वाजतो, आणि ताईसमोर काही सांगायचं म्हणजे ताईच्या परवानगीनं सांगायचं. मंगळवारी ती तुला एवढंच म्हणाली, ‘आज जरा खाली जाऊन आले,’ आणि तू ‘अरे वा, छान’ म्हणालास. ज्या बाईच्या खुब्याचं ऑपरेशन झालंय, जिला जमिनीला पाय टेकायची मनाई आहे, जिची जखम साखरेपायी मुंगीच्या पावलानं भरते आहे, ती तिसऱ्या मजल्यावरून खाली जाऊन आली कशी, हे तू विचारलं नाहीस. (कामात असशील, मी दोष देत नाही.) तू विचारलं नाहीस म्हणून मला लिहावं लागतंय. जखम बरी आहे, टाका एकही हललेला नाही, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे बाकीचं शांतपणे वाचशील.

तुला माहीतच आहे, ट्रस्टच्या या हॉस्पिटलात मी एकतीस वर्षं चादरींची कोठी सांभाळली. आठवीपुढची माझी शाळा म्हणजे ती कोठी. चादर कुठे विरते, कुठे टिकते, कोणतं कापड किती वजन पेलतं, हे मला हाताला कळतं, आणि बाकीचं मी डिक्शनरी शेजारी ठेवून वाचत आलो. त्यामुळे ताई तिथे दाखल झाल्यापासून तिच्या खोलीत मी पाहुण्यासारखा बसत नाही, घरच्यासारखा फिरतो. हे पाहून तिथले मॅनेजर यशवर्धनजी (वय तुझ्याएवढं, सूट कायम अंगावर, बोलणं मधासारखं) मला म्हणाले, “काकाजी, अपने यहाँ मॉक ड्रिल है. रुग्णांच्या नातेवाइकांतर्फे सही करायला एक जबाबदार माणूस पाहिजे.” जबाबदार म्हटल्यावर मी पाठ ताठ केली. आपले पणजोबा होळकरांच्या पागेत होते. (ते घोड्यांच्या दाण्याचा हिशेब बघायचे, पण घरात आपण त्यांना शिपाईगडी म्हणतो आणि तसंच म्हणत राहावं.)

मॉक ड्रिल म्हणजे आग लागलेली नसताना लागली असं धरायचं, सगळ्यांनी खाली उतरायचं, आणि किती मिनिटं लागली ते लिहायचं. पुस्तकात असं आहे की ही गोष्ट कुणाला न सांगता, अचानक करावी. आपल्याकडेही अचानकच ठरली, फक्त अध्यक्षांना न सांगणं बरं दिसणार नाही म्हणून त्यांना सांगितलं, त्यांना सांगितल्यावर बाकीच्या ट्रस्टींना पत्रिका गेल्या, आणि पत्रिका गेल्यावर नाश्ता आलाच. पहिली तारीख सोमवारची होती. पण त्या दिवशी अमावस्या आहे हे कुणीतरी काढलं, आणि पाहुण्यांना अमावस्येला कसं बोलवायचं, म्हणून आग मंगळवारी अकरा वाजता लावायचं ठरलं. वेळ पोहे-जिलबीनंतरची, कारण उपाशीपोटी पळापळ आजाऱ्यांना सोसायची नाही.

आता जे सांगतो ते सांगताना मला मान वर करवत नाही. पाहुणे यायचे म्हटल्यावर सगळं हॉस्पिटल झाडायला-पुसायला लागलं. आपल्या इंदूरकर माणसाला सफाईचा अभिमान किती, ते तुला पुण्यात बसून कळायचं नाही. इथे रस्त्यावर कागद टाकला तर अनोळखी माणूस ‘भिया, उठाओ’ म्हणून मागे लागतो. तिसऱ्या मजल्याच्या कॉरिडॉरमध्ये मोडके पलंग, सलाईनचे गंजके स्टँड, चाक निघालेल्या खुर्च्या असा बराच पसारा होता. तो हलवायचा कुठे? तर कॉरिडॉरच्या टोकाला एक दार आहे, त्याच्यामागे उतार आहे. बिछान्यासकट रोगी खाली न्यायला बांधलेला तो रॅम्प. वर्षभर तिथून कुणी गेलं नव्हतं. सगळा पसारा त्या रॅम्पवर रचला, दाराला कुलूप घातलं, पुढे चार कुंड्या मांडल्या आणि रांगोळी काढली. कॉरिडॉर असा लखलखला की नर्सबायांनी तिथे उभं राहून फोटो काढले. ही अक्कल कुणाची होती ते सगळ्यांना माहीत आहे. माझी. माझ्या कोठीतली दोन जुनी लोखंडी कपाटंसुद्धा मीच वॉचमन विष्णूकडून तिकडे ढकलवून घेतली. “मामासाब, ये गेट तो आग के टाइम का है,” असं तो बिचारा एकदा म्हणाला होता. मी म्हटलं, “अरे, आग अजून मंगळवारी आहे.”

दुसरी गोष्ट. ड्रिलचं उद्घाटन समई लावून व्हायचं होतं. खालच्या हॉलच्या छताला धूर ओळखणारं यंत्र आहे, समई आणि उदबत्तीचा धूर लागला तर ते कोकलणार, मग अध्यक्षांच्या भाषणाचा विचका. म्हणून त्या यंत्राला ऑपरेशनच्या वेळी डोक्याला घालतात ती हिरवी टोपी घातली, वरून दोरी बांधली, आणि भोंग्याचं बटणही बंद करून ठेवलं. म्हणजे बघ, आगीच्या तयारीचा समारंभ नीट पार पडावा म्हणून आम्ही आगीची सगळी तयारी बाजूला काढून ठेवली. त्या वेळी यात कुणालाही काही वावगं दिसलं नाही. मलाही नाही.

अकरा वाजता समई लागली, टाळ्या झाल्या. यशवर्धनजींनी भोंग्याचं बटण दाबलं, पण तो बंदच होता, आणि तो चालू कसा करायचा हे ज्याला ठाऊक तो गृहस्थ जिलबीच्या कढईपाशी होता. मग विष्णूला वर पिटाळलं. विष्णू म्हणजे फार अदबीचा माणूस. तो प्रत्येक खोलीच्या दारावर टकटक करून सांगत सुटला, “माताजी, आग लगी है. नाश्ता हो गया हो तो नीचे पधारिए.” ज्यांचा झाला नव्हता त्यांनी पाच मिनिटं मागितली, आणि विष्णूनं ती दिली. तिसऱ्या मजल्यावर ताईच्या बाजूला अकरा रुग्ण. दहा जण चपला शोधत, कुणाचा हात धरत, जिन्यानं उतरले. आगीत लिफ्ट वापरायची नाही, हे मात्र सगळ्यांनी पाळलं. राहिली ताई. सिस्टर निवेदिता (हिच्यासारखी पोरगी लाखात एक, सातारची आहे, दोन वर्षांपूर्वी इथे आली) हातातला कागद घेऊन ताईच्या बिछान्यापाशी उभी राहिली आणि खालच्या आवाजात वाचू लागली, “बिछाना नंबर सात. चालू न शकणारे रुग्ण खाली नेल्याचे मानावे.” आणि तिनं बरोबरची खूण केली. खूण करताना पोरीचा चेहरा उतरला होता, ते मी पाहिलं.

ताईचे कान तुला माहीत आहेत.

“तुक्या, मी खाली गेले का रे?”

“कागदावर गेलीस, ताई.”

“मग इथे कोण पडलंय?”

वर तीच म्हणाली, “जा तू, तुझी सही राहिलीय ना? मी कुठे पळून जात नाही.” आणि यतीन, मी गेलो. लिहायला लाज वाटते, पण मी टोपी सारखी करून, तिला तिथेच ठेवून, बाकीच्यांबरोबर खाली उतरलो. आग खोटी होती, हे खरं. पण पायऱ्या उतरताना माझ्या मनात ताई नव्हती, सही होती, हेही तितकंच खरं.

खाली लिंबाच्या झाडाखाली सगळे जमले होते. मोजणी झाली. अकरापैकी अकरा, नऊ मिनिटं. अध्यक्षांनी टाळ्या वाजवल्या, फोटोवाला पुढे सरसावला, यशवर्धनजींनी टेबलावर कागद ठेवून पेनाचं टोपण काढून दिलं. कागदावर छापलं होतं, ‘वरील सर्व रुग्ण सुरक्षित खाली आल्याचे मी स्वतः पाहिले.’ मी ‘तु’ काढला आणि हात थांबला. ‘स्वतः पाहिले’ हे शब्द मी दोनदा वाचले. मी आयुष्यभर चादरी मोजून सह्या केल्या. शंभर लिहिल्या तर शंभर असायच्या, नव्याण्णवला कधी शंभर म्हटलं नाही. आणि इथे माझी सख्खी बहीण कमी होती.

मी म्हटलं, “सात नंबर कुठे आहे?”

“काकाजी, मानून चला ना. असली आग में असली में ले आएंगे.”

“कुठून आणणार?”

“रॅम्प है ना अपना, बिछान्यासकट उतरवू.”

रॅम्प म्हटल्यावर चारचौघांत मी सांगितलं की रॅम्पवर नऊ पलंग आहेत, स्टँड आहेत, खुर्च्या आहेत, वर दोन कपाटं आहेत, आणि ती रचायला मीच उभा होतो. (एका ट्रस्टींच्या तोंडात जिलबी होती, त्यांनी चावणं थांबवलं.) आणि मी म्हटलं, सात नंबर खाली आल्याशिवाय मी सही करत नाही. यशवर्धनजींचा चेहरा सुटापेक्षा काळा झाला. पण अध्यक्ष जुने माणूस, त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, “तो ले आइए. घड़ी चालू है.”

वर जाऊन कुंड्या सरकवल्या, रांगोळी पुसली, विष्णूनं कुलूप काढलं. दार वीतभर उघडलं आणि आतून एक पलंग कण्हत त्याला टेकला. पलीकडे माझं कपाट दिसत होतं. तो पसारा काढायला अर्धा दिवस लागला असता. मग स्ट्रेचर आणलं. ते जिन्याच्या पहिल्याच वळणावर भिंतीला अडलं, उभं करावं तर माणूस घसरणार, आडवं ठेवावं तर वळणार नाही. यशवर्धनजींनी तेव्हा सुटाचा कोट काढून विष्णूच्या खांद्यावर टाकला. हे मी मुद्दाम लिहितो. त्या पोरानं तिथून पुढे एकदाही ‘मानून चला’ म्हटलं नाही.

शेवटी मी म्हटलं, चादर. जाड विणीच्या दोन चादरी एकावर एक, कडा आत गुंडाळत न्यायच्या म्हणजे मूठ बसते, आणि चार टोकांना चार माणसं. कापड टिकणार याची खात्री मला होती, त्यावर माझी एकतीस वर्षं गेलीत. निवेदितानं हाडाच्या डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, पाय आत वळू देऊ नका, मग चालेल. पण आधी आजींना विचारा. निवेदिता म्हणाली, “आजी, नुसतं ड्रिल आहे. नको असेल तर नाही म्हणा.” ताई म्हणाली, “लोकांनी मला खाली मोजलंय, तर मला तिथे असायला नको का? उचला.” दोन पायांच्या मधे उशी ठेवून निवेदितानं पट्टीनं बांधली, आणि पायाला धरून ती बाजूनं चालू लागली. डोक्याकडे मी आणि विष्णू, पायाकडे यशवर्धनजी आणि व्यायाम करून घेणारा विक्रम. ताईनं चादरीत पडल्या पडल्या सूत्रं हाती घेतली. विक्रमला म्हणाली, रोज माझ्याकडून पाय उचलून घेतोस, आज तू उचल. यशवर्धनजींना विचारलं, “लग्न झालं का रे तुझं? मग एवढा बारीक कसा?” विष्णू हसला, तर त्याला दम भरला, “हसू नकोस, चादर हलते.” पहिला मजला उतरलो तेव्हा वाटलं, सोपं आहे. दुसऱ्या वळणावर मी सगळ्यांना जरा थांबायला सांगितलं, म्हणजे पोरांना दम घेता यावा. तिथे ताईला हलकेच टेकवलं, पुन्हा उचललं, आणि बाहेर आलो.

लिंबाखाली आणलं तेव्हा मघाचे दहाही जण उभे राहिले. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. ताईनं चादरीतून वर झाडाकडे पाहिलं आणि म्हणाली, “सतरा दिवसांनी उघड्यावर आले.” मग तिनं जिलबी मागितली, निवेदितानं साखरेचं कारण सांगून दिली नाही, आणि भांडण सुरू झाल्यावर आम्हा सगळ्यांना हायसं वाटलं. अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं. तेवीस मिनिटं, आणि वर आधीची नऊ. मी छापलेली ओळ खोडली आणि माझ्या अक्षरात लिहिलं, ‘दहा जण नऊ मिनिटांत आले. अकरावी बाई राहिली होती, ती त्यावर तेवीस मिनिटांनी आली. रॅम्प बंद होता. तो बंद करण्यात खाली सही करणाऱ्याचा हात आहे.’ आणि पूर्ण नाव लिहून सही केली.

बुधवारी सकाळी रॅम्प रिकामा झाला. माझी कपाटं भंगारात गेली, हिरवी टोपी उतरली, भोंगा इतका वाजवून पाहिला की शेजारच्या शाळेतली मुलं मैदानात येऊन उभी राहिली. आता पुढचं ड्रिल खरोखर न सांगता होणार आहे, महिन्याच्या आत, पत्रिका नाही, पोहे नाहीत. रॅम्प धुरानं भरला तर जिना, म्हणून चादरीही प्रत्येक मजल्यावर ठेवल्या आहेत (वीण मी निवडली). आणि कागदावर नवा रकाना आलाय. चालू न शकणाऱ्या प्रत्येक माणसापुढे चार नावं लिहायची, याला कोण उचलणार. तीन हॉस्पिटलची, चौथं घरचं. अर्थात घरचं नसलं तर तेही हॉस्पिटल देतं. ताई अजून तीन आठवडे तिथे आहे. तिच्यापुढे चौथं नाव माझं आहे, तेव्हा तू काळजी करू नकोस, दिवाळीला ठरल्याप्रमाणे सवडीनं ये.

तुझा,
तुकोजीमामा

ता. क. पत्र पुरं करायला हॉस्पिटलात बसलो, तेव्हा ताईनं विचारलं काय लिहितोस. मी म्हटलं, यतीनला शेवेबद्दल. तिचा निरोप असा, की त्याला म्हणावं माझ्यासाठी उगाच रजा टाकू नको, आणि आठाचा फोन केलास तरी पुरे. निरोप दिला म्हणून पोचवला. मानायचा की नाही ते तू ठरव.

ता. क. दुसरं. वर मी थोडं खोटं लिहिलं. दुसऱ्या वळणावर मी पोरांच्या दमासाठी थांबलो नव्हतो. माझी मूठ सुटत होती. बोटं धरून ठेवली, पण ती माझी राहिली नव्हती. ताईचं डोकं माझ्या टोकाला होतं. मी कसंबसं ‘टेकवा’ म्हटलं, आणि निवेदितानं तिचा पाय सोडून माझं टोक झेललं. पुढे खालपर्यंत तिनंच नेलं, आणि मी ताईचा पाय धरून नुसता बाजूनं चाललो. टेकवलं तेव्हा ताईनं डोळे मिटून विचारलं, “तुक्या, किती पायऱ्या राहिल्या?” मी म्हटलं, चौदा. बत्तीस होत्या.

ता. क. तिसरं. काल निवेदितानं रकान्यातलं माझं नाव खोडलं. फार हळू खोडलं, पण खोडलं. चौथी जागा रिकामी आहे. हॉस्पिटलचा कुणी मिळेल, ती तसं म्हणालीही. पण मी तिला म्हटलं, सोमवारपर्यंत कोरी ठेव, घरचा माणूस विचारून सांगतो. तीन आठवडे आहेत, यतीन. तुझं काम कॉम्प्युटरवरचं आहे, तो इथेही उघडतो असं स्वानंदी म्हणत होती, आणि माझ्या घरात मागची खोली रिकामी आहे. तुझे हात चांगले आहेत, मला आठवतात. तुझं नाव लिहू का, एवढंच विचारायचं होतं, त्यासाठी इतकी पानं लागली. सोमवारी यादी भिंतीवर लागते. पत्र आजच कुरिअरनं धाडतो, तू सोमवारआधी माझ्या मोबाइलवर दोन ओळींचं उत्तर लिही, आणि लवकर लिही.